किंग्ज इंडियन, काळ्या बाजूनं

काळी मोहरी वाट्याला आली की मी पूर्वी एकाच पद्धतीनं खेळायचे. किल्लेकोट करून राजाला लवकर कोपऱ्यात बसवायचं, प्यादी फार पुढं जाऊ द्यायची नाहीत, समोरच्यानं मारामारी काढली की आपणही निमूट मोहऱ्यांची अदलाबदल करायची, आणि पट बऱ्यापैकी रिकामा झाला की हळूच विचारायचं, "बरोबरी?" बहुतेक जण हो म्हणायचे. मला तेवढं पुरायचं. पुरतं असं वाटायचं, एवढंच. घरी जाताना शेअर रिक्षात माझा पाय सारखा हलत राहायचा, शेजारची बाई वळून बघायला लागेपर्यंत.

बुद्धिबळ मी लहानपणी शिकलेले नाही. आमचं घर दौलताबादच्या किल्ल्यामागच्या एका वस्तीवर. घरात मेंढरं होती, पट नव्हता. शहरात शिकायला आले तेव्हा होस्टेलच्या मुलींनी खेळ शिकवला. मग लग्न झालं आणि खेळ सुटला. लग्न मोडलं तेव्हा पुन्हा धरला. आता मी एका खासगी क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते आणि पडेगावात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. मोबाईलवर मिळेल त्या फटीत डाव टाकायचे. पेपर तपासताना, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, दुधाच्या रांगेत. जिंकले तरी लगेच दुसरा, हरले तरी लगेच दुसरा. डाव संपला की जी पोकळी होते, ती मला सोसायची नाही.

छावणीत एका शाळेच्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी खेळणारे जमतात. शाळकरी मुलं, त्यांना घेऊन आलेले बाप, दोनतीन निवृत्त माणसं. तिथं एकदा माझी गाठ एका वयस्कर बाईंशी पडली. नीट इस्त्रीची सुती साडी, केसांचा छोटा अंबाडा, जाड चष्मा. जन्मभर कोर्टात नोकरी केलेली. मुलं त्यांना आजी म्हणायची, मी काकू म्हणायला लागले. त्यांच्याकडं पांढरी मोहरी होती. माझ्याकडं काळी. मी माझ्या पद्धतीनं पट रिकामा केला आणि विचारलं, "बरोबरी?"

"बरोबरी," काकू म्हणाल्या. घड्याळ थांबवलं आणि मग विचारलं, "तू काळी घेऊन खेळतेस की माफी मागतेस?"

मला राग आला. "हरले तर नाही ना?"

"नाही हरलीस. म्हणूनच विचारतेय. काळी मिळाली हा काही गुन्हा नव्हे. उद्या सकाळी घरी ये. चहा मिळेल, बाकी काही नाही."

जायचं नाही असं ठरवून मी झोपले आणि सकाळी गेले.

काकूंचं घर छावणीच्या बाजारामागं, तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. एकट्याच राहायच्या. पुढच्या खोलीत खिडकीला लागून एक टेबल, त्यावर पट मांडूनच ठेवलेला. त्यांनी मला काळ्या बाजूला बसवलं आणि म्हणाल्या, "किंग्ज इंडियन. नाव ऐकलंयस?"

ऐकलं होतं. मोबाईलवर कुणी काळ्याचा तो बचाव खेळलं की मला समोरच्याची कीव यायची. कारण हा प्रकारच उलटा आहे. काळा सुरुवातीला पटाचा मधला भाग पांढऱ्याला चक्क देऊन टाकतो. पांढरी प्यादी छाती काढून मधोमध येऊन उभी राहतात आणि काळा आपला उंट कोपऱ्यात बसवून, राजाचा किल्लेकोट करून, गप्प. मग एक प्यादं पुढं ढकलून तो मध्य कुलूपबंद करतो. एकदा मध्य बंद झाला की दोन वेगळ्या लढाया सुरू होतात. पांढरा वजिराच्या बाजूनं आत घुसतो, काळा राजाच्या बाजूची प्यादी सोडून थेट पांढऱ्या राजावर जातो. पांढरा जिंकत असतो ते प्यादी, घरं, जागा. काळ्याला फक्त राजा हवा असतो. उशीर झाला तर काळ्याकडं काहीच उरत नाही.

"आता तिकडं बघायचं नाही," काकू वजिराच्या बाजूकडं हात करून म्हणाल्या. "तिकडं आग लागू दे."

"सगळं जाईल की."

"जाऊ दे."

मला ते जमेना. मी राजाच्या बाजूला एक प्यादं पुढं ढकलायची आणि लगेच दुसऱ्या टोकाला जाऊन एखादं प्यादं वाचवायची. एक पाऊल इकडं, एक तिकडं. शेवटी दोन्हीकडं मार. काकू चिडायच्या. त्यांचा आवाज वाढत नसे, शब्द तुटक होत.

"ते प्यादं कशाला वाचवलंस?"

"जात होतं."

"जात होतं म्हणजे? तुला सांगून जात होतं का? आणि पाय हलवू नकोस. टेबल हलतंय."

रविवारमागून रविवार गेले. शनिवारी हॉलमध्ये मी हा नवा प्रकार खेळायचे आणि शाळकरी पोरांकडून हरायचे. बापलोक सहानुभूतीनं बघायचे. मोबाईलवर माझे गुण घसरत गेले. तिथं बरोबरीच्या गुणांचेच खेळाडू समोर येतात, त्यामुळं ओळखीचे खेळाडू आता मला दिसेनासेच झाले. क्लासवर फळ्यावर उदाहरण सोडवताना मधेच मला पट दिसायचा आणि मुलं म्हणायची, "मॅडम, पुढची स्टेप?" जुन्या बचावाकडं परतावं असं रोज वाटायचं. पण एकदा तो खेळून पाहिला, तर तोही जमेना. गप्प बसून खेळणं माझ्या हातून गेलं होतं आणि धावून जाणं अजून आलं नव्हतं.

त्या सुमाराला माय माझ्याकडं राहायला आली होती. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि मेंढरं चुलत्याच्या हवाली केली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये ती दारापासून गॅलरीपर्यंत आणि गॅलरीपासून दारापर्यंत चालत राहायची. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, पण हे चालणं डॉक्टरांसाठी नव्हतं.

"इथं कुणी कुणाला हाक बी मारत नाय," ती म्हणायची. "दार लावून बसत्यात समदे. कामून बसत्यात?"

"माय, शहर आहे हे."

"व्हय, ते दिसतंय."

तिला घरात एकटं सोडवेना, म्हणून एका रविवारी मी तिला काकूंकडं घेऊन गेले. दोघी एकमेकींना बघून जरा अवघडल्या. मग मायनं पिशवीतून मेथीची जुडी काढली आणि गॅलरीत निवडायला बसली. काकूंनी नको म्हटलं नाही. तेव्हापासून दर रविवारी माय यायची. आम्ही खेळायचो आणि ती मेथी नाहीतर शेंगा निवडत, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाबद्दल काहीतरी बोलत बसायची.

एकदा मी ठरवलं, आज काहीतरी वेगळं करायचं. मध्य बंद करताना पांढरं प्यादं माझ्या एका घोड्यावर चालून येतं. नेहमी मी तो घोडा मागं, राजाच्या जवळ घ्यायचे. त्या दिवशी मी तो काही न बोलता दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवला. काकू खेळत राहिल्या. मी पण. आणखी काही चाली झाल्या. मग काकूंनी आपला हत्ती सरकवला, राजाजवळच्या एका घरावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, "आता हा घोडा कुठं पळवतेस?"

बोटाखाली घोडा नव्हता. घर रिकामं होतं.

काकूंनी बोट जरा पुढं नेलं, मागं आणलं.

"कुठाय तो?"

"काकू, तो तिकडं आहे. मघाशीच ठेवला मी."

त्यांनी हात मांडीवर घेतला. गॅलरीतलं मायचं बोलणंही थांबलं. तिनं मान वळवून आमच्याकडं पाहिलं.

"दिसतं मला," काकू म्हणाल्या. "कडेकडेनं दिसतं. मधलं जातं."

"केव्हापासून?"

"तुला पहिल्यांदा भेटले तेव्हा तुझं तोंड दिसलं नव्हतं. हलणारा पाय दिसला होता." चष्मा काढून त्यांनी पदरानं पुसला. त्याचा काही उपयोग नाही हे आता मलाही कळत होतं. "हा सगळा प्रकार मला पाठ आहे. तू ठरल्यासारखी खेळलीस की मला बघावं लागत नाही."

आणि आज मी ठरल्यासारखी खेळले नव्हते.

"चाल मोठ्यानं सांगत जा," त्या म्हणाल्या. "आणि हे हॉलमध्ये बोलायचं नाही."

बोलले नाही. पण तेव्हापासून आमचा खेळ बदलला. मला प्रत्येक चाल, म्हणजे घराचं अक्षर आणि आकडा, आधी तोंडानं म्हणावी लागायची, मग हात लावायचा. तोंडानं म्हणायचं तर आधी ती मनात पूर्ण व्हावी लागते. माझ्या अर्ध्या चाली ओठांपर्यंत येऊन परत जायला लागल्या. 'ए सिक्स' म्हणायला तोंड उघडायचे, आणि एवढ्याशा प्याद्याच्या रक्षणासाठी आपण हे बोलतोय याची लाज वाटायची. मग दुसरं बोलायचे. राजाच्या बाजूचं.

काकूंच्या मुलीनं बेंगळुरूहून त्यांच्यासाठी एक पट पाठवला. न दिसणाऱ्यांसाठीचा. प्रत्येक घराला भोक, मोहऱ्यांना खाली खुंटी, काळी घरं किंचित उंच आणि एका रंगाच्या मोहऱ्यांच्या डोक्यावर बारीक टोक, म्हणजे बोटांना रंग कळावा. काकूंनी खोका उघडला, एक घोडा बोटांनी चाचपला आणि परत ठेवून दिला.

"मी आंधळी नाही."

गॅलरीतून माय म्हणाली, "मला बी डाक्टरनं काठी घ्या म्हणलं होतं. मी नाय म्हणले."

"मग घेतलीत का?" काकूंनी विचारलं.

"नाय. कुठं घेतली."

काकू हसल्या, मायही हसली, आणि खोका कपाटाखाली गेला. पण पुढच्या कुठल्याशा रविवारी आम्ही पोचलो तर तो पट टेबलावर होता आणि त्याच्यावर डाव अर्धवट लागलेला होता.

पावसाळा सरल्यावर शहरात एक स्पर्धा लागली. एका मंगल कार्यालयात, दोन दिवसांची. काकूंनी नाव दिलं. आयोजकांना स्वतः फोन करून सांगितलं की मी माझा पट आणेन, चाली बोलून खेळेन. हॉलमधल्या सगळ्यांना तेव्हाच कळलं. मुलं जरा गप्प झाली. एक बाप मला म्हणाला, "कमाल आहे हो म्हातारीची." मला त्याचं तोंड बघवेना.

पहिल्या दिवशी माझं बरं गेलं. काळ्याकडून एक डाव मी किंग्ज इंडियननं जिंकले, तोही पुण्याच्या एका अभियांत्रिकीच्या मुलाशी. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर जोड्यांचा कागद लागला. गर्दीतून मान घालून पाहिलं तर माझ्या नावासमोर काकूंचं नाव. त्या पांढऱ्या, मी काळी.

मी त्यांना टेबलापर्यंत हाताला धरून नेलं. वाटेत त्या म्हणाल्या, "काय खेळणार?"

"तुम्ही काय खेळणार?"

"असं विचारायचं नसतं."

"तुम्हीच विचारलंत."

"मी म्हातारी आहे," त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या.

घड्याळ सुरू झालं. काकूंनी वजिरासमोरचं प्यादं सांगितलं. माझ्या डोक्यात तेव्हाही जुना बचाव होता. हलकेच पट रिकामा करावा, बरोबरी घ्यावी, दोघींचं बरं होईल. त्यांना माझ्याकडून मार बसू नये, मला त्यांच्याकडून बसू नये. मी घोडा बाहेर काढला. तो कशातही चालतो. त्यांनी दुसरं प्यादं सांगितलं. आता ठरवायची वेळ होती. मी राजाच्या बाजूचं प्यादं एक घर सरकवलं आणि उंटाला कोपऱ्यात जागा करत मोठ्यानं म्हणाले, "जी सिक्स."

काकूंनी मान किंचित हलवली. बस.

पुढचं सगळं आम्ही इतक्यांदा खेळलेलं होतं की चाली भराभर आल्या. मध्य बंद झाला. मग त्या माझ्या वजिराच्या बाजूवर आल्या. मला वाटलं होतं त्याहून लवकर आणि जास्त निर्दयपणे. प्यादं फुटलं, मग त्यांचा हत्ती उघड्या रांगेत आला, मग एक घोडा आत. त्यांची बोटं त्यांच्या पटावर सारखी फिरत होती, पिठात काही शोधत असल्यासारखी. माझ्या पटावर मी आणि त्यांच्या पटावर त्या, मधे फक्त बोलणं. शेजारच्या टेबलांवरची माणसं आमच्या आवाजानं वैतागून बघत होती. स्वयंपाकघराच्या बाजूला कुणीतरी भांडी आपटत होतं.

मी माझी प्यादी सोडली होती. राजासमोरची सगळी. मागं वळायचं नाही म्हणून वजिराच्या बाजूवर मी चक्क हात ठेवला होता, झाकल्यासारखा. तरी मला सगळं ऐकू येत होतं, कारण काकू प्रत्येक चाल बोलत होत्या. त्यांच्या घोड्यानं माझं कडेचं प्यादं खाल्लं आणि थेट माझ्या पांढऱ्या घरांवरच्या उंटावर नेम धरला. तो उंट अजून त्याच्या मूळ जागी बसून होता. या सगळ्या प्रकारात हाच उंट महत्त्वाचा, तो न हलता हल्ल्याचा कणा असतो, हे काकूंनीच शिकवलं होतं. त्यामुळं त्या नेमका तोच मारायला आल्या होत्या.

मी उठले. पाणी पिऊन आले. पायाला बसवत नव्हतं. परत आले तेव्हा काकू मान वर करून, माझ्या जरा बाजूला बघत म्हणाल्या, "बरोबरी?"

इतक्या महिन्यांत त्यांनी ती कधी देऊ केली नव्हती. दमल्या असतील असं वाटलं. माझी दया आली असेल असंही वाटलं. मला त्यातलं काही ओळखता येईना, आणि विचारता तर येतच नव्हतं.

"नाही, काकू," मी म्हणाले. मग पट पुन्हा पाहिला. उंट तसाही जाणार होता. "उंट एच थ्री. प्यादं घेतलं."

त्यांची बोटं थांबली. मग राजासमोरच्या त्या घरावर गेली, माझा उंट तिथं खोवला, त्याच्याभोवती फिरली. बराच वेळ गेला. घड्याळ त्यांचं चालू होतं.

"घेतला," त्या म्हणाल्या.

मग माझा वजीर आत गेला. मग प्यादं. मग हत्ती त्या रांगेत आला. काकू आपल्या राजाभोवतीची घरं एकेक चाचपत गेल्या, एकदा, पुन्हा एकदा. साध्या पटावर डाव सोडताना राजा आडवा करतात. तो खुंटीचा राजा आडवा होत नाही. काकूंनी तो उपटला, हात पुढं केला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"घे."

मी बाहेर नळापाशी गेले. माझ्यासोबत आलेली माय तिथं बाकावर बसली होती.

"काय झालं?"

"जिंकले."

"बाईंशी?"

"हो."

"मंग रडती कामून?"

"रडत नाय मी."

"बरं," माय म्हणाली आणि सरकून मला जागा केली.

दुसऱ्या दिवशी मी क्लासवर असताना फोन वाजत राहिला. सुट्टीत लावला, तर काकूंनी नमस्कार-चमत्कार काही न करता सुरुवात केली.

"हत्ती. उंट घेतल्यावर माझा हत्ती एक घर बाजूला घ्यायचा होता. राजाला पळायला वाट झाली असती. तुझा उंट फुकट गेला असता."

मी डोळे मिटून तो पट आणला. हत्ती बाजूला. राजाला वाट. खरंच होती.

"मग मी शह दिला असता," मी म्हणाले.

"कुठून?"

"वजिरानं. कोपऱ्यातून."

"मग मी राजा पुढं घेतला असता."

"मग माझा घोडा आला असता."

"तुझा घोडा पोचेपर्यंत माझी दोन प्यादी वजीर होतील," काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, "मोबाईलला विचारलंस का?"

"नाही."

"विचारू नकोस. विचारलंस तर तुला मला सांगितल्याशिवाय राहवणार नाही. आणि मला ऐकायचं नाही."

मोबाईलला विचारायला एक क्षण पुरतो. तो पट मांडायचा आणि कोपऱ्यातला आकडा बघायचा: पांढरा जिंकत होता, की काळा, की दोघं चुकत होतो. मी कितीदा मोहरी मांडून झाल्यावर ते बंद केलंय. सकाळी बसमध्ये, क्लासवर, भाजी चिरताना तोच पट. पूर्वी डाव संपला की दुसरा लावायचे. आता हा एकच संपत नाही. काकू कधीही फोन करतात. एकदा मी फळ्यासमोर असताना केला. मी घेतला, तर म्हणाल्या, "राजा पुढं न घेता मागं घेतला तर?" आणि ठेवून दिला. त्या दिवशी मुलांना मी एकच समीकरण दोनदा शिकवलं.

दिवाळी झाल्यावर माय वस्तीवर परत गेली. गुडघा बरा नव्हता, पण ती म्हणाली, "इथं मी बसून बसून मरन." चुलत्याकडून तिनं चार शेळ्या मागून घेतल्या. मी आता एक रविवार काकूंकडं जाते आणि एक मायकडं. पडेगावच्या नाक्यावरून काळी-पिवळी जीप मिळते. किल्ल्याकडं जाणाऱ्या पर्यटकांत दाटीवाटीनं बसून जायचं.

परवाच्या रविवारी वस्तीवर पोचून हातपाय धुतेय तोच फोन वाजला.

"सापडलं," काकू म्हणाल्या. "तुझा शह. तो शहच देता येत नाही. माझा उंट मधे येतो. वेडे आहोत आपण, इतके दिवस बघितलंच नाही."

मी दारातच उभी राहिले. उंट मधे. कुठून मधे? मनात पट फिरवला. खरंच एक तिरकी रेघ मोकळी होती. पण तिथवर येताना तो उंट जिथून सुटतो, तिथं...

"काकू, थांबा," मी म्हणाले. "तो उंट हलला की माझ्या घोड्याला—"

आवाज तुटला. वस्तीवर रेंज अशीच जाते-येते. चुलत्याच्या बांधावर चढलं की दोन काड्या मिळतात. मी चप्पल न घालताच निघाले.

"भाकर झालीया," माय मागून म्हणाली. "खाऊन जा."

"आले."

बांधावर ढेकळं पायाला टोचत होती. फोन कानाला लावून मी वर चढत राहिले. पलीकडून अर्धा शब्द आला, मग काहीच नाही, मग काकूंचा श्वास.

"ऐकू येतंय का, काकू?" मी म्हणाले. "माझा घोडा अजून आहे."